आई दुर्गम असल्याचा दाखला

अंतर ही वस्तू निसर्गात आढळत नाही. ती दाखल्याने उत्पन्न होते. दाखला मिळेपर्यंत दोन गावांच्या मध्ये असतं ते नुसतं पाणी, डोंगर, ढग आणि लोकांचे गैरसमज.

या सत्याचा साक्षात्कार मला एकोणीस वर्षांपूर्वी झाला, तो विमानतळ अंतर व प्रवासकाल निश्चिती कक्षाच्या खिडकी क्रमांक एकवर. तेव्हापासून मी त्याच खिडकीमागे बसून रोज सरासरी चाळीस माणसांना, ती आपल्या माणसांपासून नेमकी किती लांब आहेत, हे शिक्का मारून सांगतो. बहुतेक जण आकडा ऐकून क्षणभर गप्प होतात. (कक्षाच्या वार्षिक अहवालात याची नोंद 'समाधानी अर्जदार' अशी होते.)

कक्षाची पद्धत इतकी सोपी आहे की तिच्यात चूक व्हायला जागाच ठेवलेली नाही. एका विमानतळाच्या धावपट्टीचा मध्यबिंदू घ्यायचा, दुसऱ्याच्या धावपट्टीचा मध्यबिंदू घ्यायचा, दोहोंमध्ये सरळ रेघ ओढायची आणि तिला ताशी साडेआठशे किलोमीटरने भागायचं. झाला प्रवासकाल. प्रवासी आपल्या बॅगेसह धावपट्टीच्या मधोमध उभा आहे, असं गृहीत धरलेलं असतं. विमान थेट जातं, मग त्या दोन गावांमध्ये आजवर एकही थेट विमान उडालेलं नसलं तरी. वाटेत वारा नसतो (वारा ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे). बॅग हरवत नाही, भूक लागत नाही, शेजारचं मूल रडत नाही. पुराणातले ऋषी मनोवेगाने जात. आमचे अर्जदार साडेआठशेच्या वेगाने जातात. रांग दोघांनाही लागत नाही, एवढं साम्य मला तरी पावन वाटतं.

आता हा आकडा हवा कुणाला, असं कुणी विचारेल. हवा कंपन्यांना. दूरदेशी नोकरी करणाऱ्याने आजारी आईबापांना भेटायला किती दिवस जावं, हे प्रेमावर सोपवलं तर कामं कशी व्हायची? म्हणून बहुतेक कंपन्यांनी आमच्या दाखल्याचा आधार घेतला आहे. प्रमाणित प्रवासकाल चौदा तासांहून कमी असेल, तर आईबाप 'सुगम' समजावेत आणि तीन दिवसांची रजा द्यावी. चौदा तास किंवा अधिक असेल, तर आईबाप 'दुर्गम' समजावेत आणि दहा दिवस द्यावेत. चौदाच का? कारण तेरा अशुभ मानणारे लोक समितीत होते आणि पंधरा म्हणणारे सदस्य त्या दिवशी आले नव्हते.

अशा या सुरळीत व्यवस्थेत एका सोमवारी खिडकीवर एक लिफ्ट-दुरुस्तीवाला उभा राहिला. हाताला ग्रीसचा वास, खिशात पेचकस, कपाळावर तीन आठ्या. घरात सगळ्यात लहान, म्हणून त्याला सगळे धाकटा म्हणत. त्याने सांगितलं म्हणून मीही म्हणू लागलो.

"साहेब, आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी सहा आठवड्यांची मुदत दिलीय. आणि ती म्हणते, धाकटा आल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही."

"वा," मी म्हणालो, आणि दोन्ही विमानतळांची नावं लिहून घेतली.

अंतर निघालं अकरा हजार सातशे तीस किलोमीटर. प्रवासकाल तेरा तास अठ्ठेचाळीस मिनिटं. आई सुगम. रजा तीन दिवस.

धाकट्याने दाखला हातात घेऊन उलटसुलट पाहिला, जणू मागच्या बाजूला उरलेले दिवस छापलेले असतील. मग त्याने खिशातून एक कागद काढला. त्यावर त्याने खरा प्रवास मांडला होता: घरातून विमानतळापर्यंत बस दोन तास, सुटण्याआधी हजेरी तीन तास, पहिलं विमान सहा, तिथे बसून राहणं पाच, दुसरं विमान आठ, पासपोर्टची रांग आणि पुन्हा बसणं तीन, तिसरं छोटं विमान दीड, पुढे रस्त्याने अडीच. एकतीस तास. जाऊन-येऊन बासष्ट. तीन दिवसांचे होतात बहात्तर. उरले दहा. त्यात अंघोळ आणि पाठ टेकणं चार तास, डॉक्टरांच्या दारात दोन तास, आईची दुपारची झोप दीड तास.

"म्हणजे आईबरोबर अडीच तास," तो म्हणाला. "त्यात शेजारचे भेटायला येणार."

मी त्याला समजावलं की हा कागद त्याच्या वैयक्तिक अनुभवावर आधारलेला असल्याने ग्राह्य धरता येत नाही. अनुभव माणसागणिक बदलतो. रेघ बदलत नाही.

"पण साहेब, बारा मिनिटंच कमी पडतायत."

बारा मिनिटं म्हणजे एकशे सत्तर किलोमीटर. कक्ष कठोर नाही. फेरमोजणीसाठी रीतसर अर्ज करता येतो, आणि तो मी स्वतः त्याला भरून दिला. आठवड्याभरात निकाल आला. पूर्वी कक्ष पृथ्वी अगदी गोल धरत असे; नव्या परिपत्रकानुसार ती जराशी चपटी धरतात. त्यामुळे अंतर अठ्ठावीस किलोमीटरने कमी भरलं. नवा प्रवासकाल तेरा तास सेहेचाळीस मिनिटं. आता चौदा मिनिटं कमी पडत होती.

"अभिनंदन," मी म्हणालो. "आई जवळ आली."

धाकट्याने फोन काढून घरी लावला, स्पीकरवर, आणि माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. कदाचित त्याला वाटलं असेल की मी ऐकलं तर मला पाझर फुटेल. एकोणीस वर्षांत असे पुष्कळ फोन त्या कट्ट्यावर ठेवले गेले आहेत. (कट्टा दगडी आहे.)

फोन त्याच्या बहिणीने घेतला. आईला सांभाळणारी हीच. त्याच्याहून सात वर्षांनी मोठी.

"ताई, फेरमोजणी झाली."

"मग? मिळाले दहा दिवस?"

"नाही गं. अजून दोन मिनिटं गेली."

"गेली म्हणजे? कुणी नेली? अरे, तू तिथे लिफ्टी वरखाली करतोस, तुला चौदा मिनिटं वर सरकता येत नाही?"

"दोनशे किलोमीटर लागतात, ताई! मी दोनशे किलोमीटर पलीकडे राहायला गेलो तर नोकरी कोण करेल?"

मागून एक बारीक आवाज आला. "कोण आहे? धाकटा का? त्याला विचार, जेवला का."

"जेवलो, आई."

"आणि ते साहेब? त्यांनी खाल्लं का काही?"

प्रश्न मला होता. नियमपुस्तिकेत त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून मी "हो, बाई" असं अनौपचारिक उत्तर दिलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "माझा मुलगा आडमुठा आहे. त्याला कळत नाही. त्याला तिकडून हलता येत नसेल, तर मी इकडून हलते की. मी दोनशे किलोमीटर अजून लांब गेले तर चालेल का?"

मी तत्काळ कलम पाहिलं. आणि इथे मला कक्षाच्या रचनाकारांना मनोमन दंडवत घालावासा वाटला, कारण त्यांनी याचाही विचार करून ठेवला होता. कलम सोळा: आजारी नातलगाने वास्तव्य बदलल्यास नव्या वास्तव्याच्या सर्वात जवळच्या विमानतळापासून अंतर मोजावे; मात्र तेथे सलग एकवीस दिवस राहिल्याची, दर आठवड्यास एक याप्रमाणे, दूरध्वनीवरून खातरजमा करावी.

"चालेल," मी म्हणालो. "पण दिशा बरोबर हवी. मुलाच्या विरुद्ध दिशेला."

"मुलाकडे यायचं तर मुलापासून लांब जायचं," आई म्हणाल्या. "देवाच्या बाबतीतही असंच सांगतात, नाही का?" त्यांच्या सुरात तक्रार नव्हती. एखादा अवघड अर्थ एकदाचा उलगडल्यासारखा तो सूर होता, आणि मला तो कक्षाच्या बाजूने दिलेला अभिप्राय वाटला.

मग ताईने नकाशा काढला. कागद उलगडल्याचा, पट्टी शोधल्याचा, पट्टी न सापडल्याने स्वयंपाकघरातून लाटणं आणल्याचा आवाज आम्ही स्पष्ट ऐकला. लाटणं तिने धाकट्याच्या शहरापासून घरावर टेकवलं आणि तसंच पुढे सरकवलं.

"इथे समुद्र लागतो... इथे जंगल... थांब. हे गाव. इथे विमानतळ आहे. इथे आपलं कुणी..."

लाटणं घरंगळल्याचा आवाज आला.

"अगं, इथे दादा राहतो," ताई म्हणाली.

आईने विचारलं, "तो अजून तिथेच असतो ना?"

खुलासा: या कुटुंबात एक थोरला मुलगाही होता. तो आईच्या घरापासून रस्त्याने दोनशे साठ किलोमीटरवर राहत असे. स्वतःची गाडी, स्वतःचा शीतगृहांचा धंदा, प्रकृती उत्तम. चार वर्षांत तो आईकडे आला नव्हता, आणि यात भांडणतंट्याचा काही भाग नव्हता. उलट, फोनवर तो प्रत्येक वेळी अतिशय प्रेमाने म्हणे, "येतो गं, इथेच तर आहे. गाडीत बसलं की पोचलो." पोचणं इतकं सोपं असल्यामुळे त्याला गाडीत बसण्याची घाई कधीच वाटली नाही. मला विचाराल तर हा त्याचा दोष नव्हे. जगात दूरच्या माणसांना निदान आमचा कक्ष तरी आहे. जवळच्यांना वाली कोण?

पुढच्या रविवारी झडप बिघडलेली ती बाई, दोन पिशव्या, औषधांचा डबा आणि मांडीवर उशी घेऊन, साडेपाच तासांचा रस्ता करून थोरल्याकडे राहायला गेली. मी नवी मोजणी केली. अकरा हजार नऊशे सहा किलोमीटर. चौदा तास शून्य मिनिटं. (वर पंचवीस सेकंद होते. कक्ष सेकंद मोजत नाही, पण मनात धरतो.)

आई दुर्गम झाली. आता फक्त एकवीस दिवस तिने तसंच राहणं बाकी होतं.

पहिल्या आठवड्याचा खातरजमेचा फोन मी केला. थोरला घाईत होता. मागे मोठी यंत्रं घरघरत होती.

"हो हो, आहे आमच्याकडेच. काय लिहायचं ते लिहा लवकर. आणि मला सांगा, हे दर आठवड्याला करणार का तुम्ही?"

"नियम आहे."

"अहो, माझी आई आहे. मी काय तिला पळवून नेणार आहे?"

मी 'वास्तव्य आढळले' असं लिहिलं.

दुसऱ्या आठवड्यात तो घरीच होता. आवाज जरा खाली आणून बोलत होता, कारण आई आतल्या खोलीत झोपली होती.

"साहेब, तुमच्या फॉर्मात असतं का हो, तिला काय आवडतं, काय चालत नाही, असलं काही?"

"नाही. का?"

"काही नाही. मी मिठाई आणली होती मोठं खोकंभर. तिला साखर बंद होऊन तीन वर्षं झालीत म्हणे. मला वाटलं, तुमच्याकडे तरी नोंद असेल."

मी 'वास्तव्य आढळले' असं लिहिलं.

तिसऱ्या फोनला पलीकडे इतकी शांतता होती की मला वाटलं लाइन तुटली.

"साहेब, आज एकवीस पूर्ण होतात ना?"

"होतात. आता त्यांना तिथे ठेवण्याचं बंधन नाही."

"तसं नाही. म्हणजे..." तो घुटमळला. "ठेवलं तर चालतं का?"

मी पुस्तिका पाहिली. मनाई नव्हती. परवानगीही नव्हती. असा प्रश्न कुणी विचारेल, हे रचनाकारांच्याही ध्यानात आलेलं नसावं. "बघा तुमच्या सोयीने," मी म्हणालो, आणि तिसऱ्यांदा 'वास्तव्य आढळले' असं लिहिलं. कोणाचं, हे फॉर्म विचारत नाही.

धाकट्याला दहा दिवस मिळाले. कंपनीच्या रजा-अधिकारी बाईंनी दाखल्यावर सही करताना त्याला सांगितलं, "तुमच्या आई इतक्या लांब असतात, हे आधी का नाही बोललात?" त्या सहृदय आहेत. त्यांच्या टेबलावर रुमालांचा डबा असतो.

थोरल्याच्या गावी आठवड्यातून दोनच विमानं जात असल्याने धाकट्याचा खरा प्रवास आता एकतीसऐवजी त्रेचाळीस तासांचा झाला होता. पण दाखल्यावर चौदाच होते, आणि शेवटी माणूस दाखल्यावरच प्रवास करतो. शस्त्रक्रिया थोरल्याच्या गावातल्या इस्पितळात ठरली. कागदपत्रं पाहून तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं: झडप बदला, आणि लवकर. आई टेबलावर चढली. चढण्याआधी तिने दोन्ही मुलांना एकमेकांशेजारी उभं करून पाहिलं, आणि ताईला म्हणाली, "हा बारीक झालाय. आणि हा म्हातारा." झडप बसली. टिकटिक व्यवस्थित होती. सहाव्या दिवशी ती स्वतःच्या हाताने चहा प्यायली, साखरेविना, थोरल्याने केलेला.

दहावा दिवस उलटायच्या आत धाकटा कामावर हजर झाला. जाता जाता तो माझ्या खिडकीवर येऊन आभार मानून गेला. मी म्हणालो, "आभार कशाला, सरळ रेघ आहे."

महिन्याभराने आईला आपल्या घरी परतावंसं वाटू लागलं. तिथली शेजारीण, तिथला खिडकीतला उजेड. थोरल्याने स्वतः गाडी चालवत तिला सोडलं. दारात तो रडला, हे ताईने धाकट्याला सांगितलं आणि धाकट्याने मला. "येत जाईन गं दर पंधरा दिवसांनी," थोरला म्हणाला. "आता काय, इथेच तर आहे."

या गोष्टीला आठ महिने झाले. थोरला अजून गेलेला नाही. येत्या रविवारी जाणार आहे.

या प्रकरणाचा कक्षाने गांभीर्याने अभ्यास केला. आमच्या दप्तरात दुर्गम नातलगांची चार हजार एकशे बारा प्रकरणं आहेत. त्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना वर्षा-दीड वर्षातून एकदा का होईना, कुणी ना कुणी भेटतं, कारण भेटीआधी अर्ज, फेरअर्ज, भांडण आणि रडारड करावी लागते, आणि इतकं केल्यावर न जाणं परवडत नाही. तीनशे किलोमीटरच्या आतल्या नातलगांचा कप्पा मात्र रिकामा निघाला. त्यांच्याकडे जायला दाखला लागत नाही, रजा लागत नाही, कुणी अडवत नाही. सबब, भेटी किती होतात, याचीही माहिती उपलब्ध नाही. कक्षप्रमुखांनी त्या कप्प्यावर 'निरंक' अशी चिठ्ठी लावली आणि बराच वेळ ती चिठ्ठी सरळ करत उभे राहिले. त्यांच्या मातोश्री वरच्या मजल्यावर राहतात, असं शिपाई सांगतो. (माझं विचाराल तर आईचं घर अकरा थांब्यांवर आहे. पुढचं विचारू नका.)

आता हे वाचताना आपल्यापैकी पुष्कळांना त्या थोरल्याचा राग आला असेल. येणारच, आपण सहृदय वाचक आहात. कक्षाने अशा रागाची रीतसर नोंद घेण्यासाठी खिडकी क्रमांक तीन नुकतीच उघडली आहे. ओळखपत्र लागत नाही, नाव विचारत नाहीत. फॉर्मात दोनच रकाने आहेत: आईच्या घरापर्यंतचं अंतर, आणि शेवटचं जाऊन किती दिवस झाले. आजवर दोनशेच्या वर माणसं रागारागाने त्या खिडकीवर आली. पहिला रकाना सगळ्यांनी तडकाफडकी भरला. दुसऱ्यापाशी प्रत्येकाच्या लक्षात आलं की आपलं पेन चालत नाही, आणि पेन शोधायला म्हणून तो जो बाहेर गेला तो परत आला नाही.

म्हणून आता खिडकीवर पेन दोरीने बांधून ठेवलं आहे. शाई भरलेली आहे. मी स्वतः लिहून पाहिलं. पहिल्या रकान्यापर्यंत तरी ते उत्तम चालतं.

घ्या.